डबल-क्लिक केलं की चालतं, सर्व्हिस केलं की अडतं

किनवटला पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. माझ्या पर्जन्यमापक सेन्सरची नोंद घेणारा कॉम्प्युटर घरी आहे. लाइट आली की तो आपोआप सुरू व्हायचा, पण लॉगिन करायला कोणी नसायचं, त्यामुळे प्रोग्राम बंदच. म्हणून मी तो विंडोज सर्व्हिस म्हणून बसवला, कारण सर्व्हिसला लॉगिन लागत नाही. स्टेटस 'रनिंग' दिसलं, मी निर्धास्त झाले. आठ दिवसांनी बघते तर एकही नवी नोंद नाही. तो पाऊस आता परत मोजता येणार नाही.

गंमत म्हणजे हाताने डबल-क्लिक केलं की तोच प्रोग्राम नीट चालायचा. मग बदललं काय? प्रोग्राम चालवणारा 'माणूस' बदलला.

हाताने चालवताना तो माझ्या नावाने चालतो. सर्व्हिस मात्र, वेगळं काही सांगितलं नाही तर, 'लोकल सिस्टम' या खात्यावर चालते. माझी फाइल झेड ड्राइव्हवर, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये होती. असं जोडलेलं ड्राइव्हचं अक्षर ज्याच्या लॉगिनमध्ये जोडलं त्यालाच दिसतं. सर्व्हिससाठी झेड नव्हताच.

मग प्रोग्राम बंद का नाही पडला? त्याने 'फाइल सापडली नाही' अशी खिडकी उघडली आणि कोणीतरी 'ओके' दाबेल म्हणून थांबून राहिला. एक्सपीपर्यंत सर्व्हिस आणि पहिला लॉगिन झालेला माणूस एकाच सेशनमध्ये असायचे. त्याचा गैरफायदा घेता येतो म्हणून २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या 'सेशन ०' मध्ये गेल्या. तिथली खिडकी आपल्याला दिसत नाही. 'रनिंग'चा अर्थ 'जिवंत आहे' एवढाच, 'काम करतोय' असा नाही!

तिसरी गोष्ट, सर्व्हिस सहसा सिस्टम३२ फोल्डरमधून सुरू होते. कोडमध्ये नुसतं फाइलचं नाव असेल तर ती तिथे शोधली जाते. लिनक्सवाल्यांनीही हसू नये, क्रॉनमध्ये तुमचा नेहमीचा पाथ नसतो.

मी काय केलं? सर्व्हिसला स्वतंत्र खातं दिलं, त्या खात्याला फोल्डरची परवानगी दिली, ड्राइव्हच्या अक्षराऐवजी पूर्ण नेटवर्क पत्ता लिहिला आणि खिडक्या काढून सगळे संदेश लॉग फाइलमध्ये टाकले. आता रोज सकाळी मी स्टेटस नाही, शेवटच्या नोंदीची वेळ बघते.