दहा सेकंद दम धरणारा फ्यूज

मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या ६ ते ८ पट करंट खेचते. रोटर वेग घेईपर्यंत, म्हणजे काही सेकंद, हे चालायचंच. साधा फ्यूज बेताच्या रेटिंगचा लावला तर तो उठसूट उडणार. मग कुणीतरी वैतागून त्या जागी जाड तार गुंडाळणार, हेही ठरलेलंच.

अमेरिकेत यासाठी दोन भागांचा फ्यूज सर्रास वापरतात. एका भागात स्प्रिंगने ताणलेला सांधा लवकर वितळणाऱ्या सोल्डरने धरून ठेवलेला असतो. सोल्डर तापायला वेळ लागतो, म्हणून रेटिंगच्या ५ पट करंट हा फ्यूज किमान १० सेकंद सोसतो. मोटर जाम होऊन बसली, की सोल्डर पाघळतो आणि स्प्रिंग सांधा खेचून तोडते.

दुसरा भाग शॉर्टसर्किटसाठी. खाचा पाडलेली तांब्याची किंवा चांदीची पट्टी, भोवती ठासून भरलेली क्वार्ट्झची वाळू. हजारो अँपिअर धावू लागले, की खाचा एकदमच वितळतात. ठिणगीची उष्णता शोषता शोषता वाळूच काचेसारखी होते. सगळं अर्ध्या सायकलच्या आत, करंट शिखर गाठण्यापूर्वीच.

आपल्याकडे बहुधा एचआरसी (हाय रप्चरिंग कपॅसिटी) फ्यूज आणि जोडीला ओव्हरलोड रिले असतो. थ्री-फेज मोटरच्या तीनपैकी एकच फ्यूज उडाला तर ती दोन फेजवर गुरगुरत राहते. रिलेने वेळीच ओळखलं नाही, तर वाइंडिंग जळालंच म्हणून समजा. शॉर्टसर्किटनंतर बदलायचे तर तिन्ही बदलावेत. धड दिसणाऱ्या फ्यूजची पट्टीही आतून अर्धवट वितळलेली असू शकते.