पेटीतला मे, पेटीतला जानेवारी

पंचांगात पूर्वी पल्लीपतनाचं फळ हमखास छापलेलं असे. पाल डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, सगळं तपशीलवार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत पाल चुकचुकली की बोलणं अर्ध्यावर थांबवणाऱ्या आज्या अजूनही भेटतील. त्यांचीच नातवंडं आता सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर लेपर्ड गेकोचे व्हिडिओ दाखवत बाबांच्या मागे लागतात, ‘ही पाल विकत घेऊ या ना!’ बाबा थोडे का-कू करतात आणि मग स्वतःचीच समजूत घालतात, वाळवंटातला प्राणी आहे, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचं त्याला काय?

नेमकी इथेच गफलत होते. सरड्या-पालींच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार करणारी भट्टी नसते, हे शाळेत शिकवतात. पण म्हणून त्यांचं शरीर भोवतालच्या हवेइतकंच गरम किंवा गार राहतं असं मात्र नाही. १९४४ साली रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जुनी समजूत मोडीत काढली. सरडा उन्हातून सावलीत, दगडावरून दगडाखाली सतत ये-जा करून आपलं तापमान फार थोड्या अंशांच्या पट्ट्यात राखतो. अन्नपचन, रोगप्रतिकार, अंडी धरणं ही सगळी कामं त्या पट्ट्यातच धड होतात. शरीर फार गार पडलं तर गिळलेला किडा पोटात पचण्याऐवजी सडू लागतो.

म्हणजे वाळवंटातला सरडा वाळवंटाची उष्णता सोसत बसत नाही, तो ती चुकवतो. मे महिन्यातल्या दुपारी लेपर्ड गेको दगडांच्या कपारीत किंवा बिळात शिरून बसलेली असते. वर लू वाहत असली तरी आत खोलवर बराच गारवा असतो. काचेच्या पेटीला अशी खोली नाही. सिटी सेंटरमधल्या एखाद्या वरच्या मजल्यावर, बंद खोलीत, वीज गेलेली असताना पारा ४२-४३ ला टेकला, की पेटीचा कोपरा न् कोपरा तितकाच तापतो आणि पळून जायला जागा उरत नाही. प्राण्याच्या शरीराचं तापमान चाळिशीपार गेलं की काही तासांत खेळ संपू शकतो.

परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते इंग्लंड-अमेरिकेच्या थंडीत बसून केलेले असतात. त्यात सगळी चर्चा पेटी गरम कशी ठेवायची याची. ग्वाल्हेरला ती अडचण डिसेंबर-जानेवारीत येते, रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा. एप्रिल ते जून मात्र प्रश्न उलटा असतो. थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. बरेच जण मग कूलर लावून मोकळे होतात. कूलर हवेत ओल भरतो, आणि कोरड्या मुलखातली गेको दिवसेंदिवस दमट हवेत राहिली तर फुप्फुसाच्या आजाराची धास्ती. उन्हाळ्यात एसीची खोली आणि इन्व्हर्टरचा आधार यांची सोय नसेल, तर या गावात सरडा पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोय असेल, तर पहिल्यांदा पाळणाऱ्याने लेपर्ड गेकोच घ्यावी. पूर्ण वाढ झाली तरी वीतभर, फार तर २५ सेंटिमीटर. हिला आपल्या घरातल्या पालीसारख्या चिकट बोटांच्या गाद्या नाहीत, त्यामुळे काचेवर चढून निसटत नाही. पापण्या आहेत, डोळे मिटून झोपते. जाड शेपटीत चरबी साठवते, त्यामुळे शेपटी पाहूनच तब्येत कळते. शेपटी धरून उचलली तर मात्र ती तुटून हातात येईल. नवी फुटते, पण पहिल्यासारखी डौलदार नाही. गंमत म्हणजे ही मूळची आपल्या शेजारचीच. १८५४ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या एडवर्ड ब्लिथ यांनी पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगांतल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. आज दुकानात मिळते ती पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच वाढवलेल्यांची वंशज.

दुसरा पर्याय ऑस्ट्रेलियाच्या बियर्डेड ड्रॅगनचा. स्वभावाने शांत, दिवसा जागा, माणसाला सरावणारा. पण त्याला निदान चार फूट लांब पेटी हवी, तापायला ४० अंशांच्या आसपासची जागा हवी आणि अल्ट्राव्हायोलेट-बी किरणांची नळी तर हवीच हवी. या किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत उतरत नाही. ‘आमच्या खिडकीत भरपूर ऊन येतं’ हे उत्तर चालत नाही. खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. शिवाय नळी डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिची किरणं महिन्यागणिक मंदावतात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते. हा खर्च टाळणाऱ्यांच्या घरी वाकड्या पायांचे, मऊ जबड्याचे ड्रॅगन दिसतात.

हिरव्या इग्वानाचं पिल्लू दुकानात तळहातावर मावतं आणि फार गोजिरं दिसतं. ते दीड मीटरपर्यंत, कधी त्याहून लांब वाढतं, त्याला झाडावर चढायला खोलीएवढी जागा आणि पावसाळी जंगलाचा दमटपणा लागतो. ग्वाल्हेरमध्ये ते आणणं म्हणजे निव्वळ हौस.

पेटीचं म्हणाल तर लेपर्ड गेकोला सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद पेटी पुरते. लांबी महत्त्वाची, कारण एका टोकाला ३२ ते ३४ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास असा उतार पडायला हवा, प्राण्याने हवं ते टोक निवडायचं. गरम टोकाला दिव्याखाली दगडाची लादी ठेवा. ग्वाल्हेरचा फिकट हिरवट वालुकाश्म ‘ग्वाल्हेर मिंट’ या नावाने परदेशातल्या अंगणांत बसवला जातो, तो इथे सहज मिळतो. दिवा बंद झाल्यावरही तो बराच वेळ ऊब धरून ठेवतो, आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या गेकोला पोटाखालची हीच ऊब अन्न पचवायला लागते. बाजारात मिळणारे विजेवर तापणारे ‘हीट रॉक’ घेऊ नका, त्यांनी पोट भाजल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. गार टोकाला फुटक्या माठाचं खापर पालथं घालून त्याखाली ओलसर कापड ठेवलं, की कात टाकायला हवी तशी ओलसर जागा तयार होते. ही ओल त्या खापराखालीच असावी, पेटीभर नको. कात बोटांवर अडकून राहिली तर बोटं झडतात. तळाला सुटी वाळू नको, पिल्लं ती गिळतात. साधा कागद किंवा फरशी उत्तम.

खाणं म्हणजे जिवंत किडे: क्रिकेट, डुबिया झुरळं, अधूनमधून मीलवर्म. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून कॅल्शियमची पूड लावून द्यायचे. बाहेरून पकडलेले किडे देऊ नका. वळवाच्या सुमारास दिसणारा काजवा तर मुळीच नाही, एक काजवा खाऊन बियर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. साल्मोनेलाचे जंतू निरोगी सरड्याच्या विष्ठेतही असतात, म्हणून घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा छंद लांबणीवर टाकलेला बरा.

रंगांच्या मोहाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. लेपर्ड गेकोच्या असंख्य रंगीत जाती निवडक पैदाशीतून तयार झाल्या आणि सगळ्याच निर्धोक नाहीत. ‘एनिग्मा’ नावाच्या जातीत तोल जाणं, मान वाकडी होणं, गोल-गोल फिरणं असे मेंदूचे विकार दिसतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ ही लिंबासारख्या पिवळ्या रंगाची जात काही वर्षं फार गाजली, आणि मग त्यातल्या बहुतेक प्राण्यांच्या त्वचेत गाठी येऊ लागल्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की ज्या जनुकीय बदलाने हा रंग येतो, तोच या गाठींच्या मुळाशी आहे. रंगपेशी बेसुमार वाढतात, म्हणून त्वचा उजळ दिसते आणि म्हणूनच गाठही होते. दुकानदार महागातली जात पुढे करेल. साधी ठिपक्यांची घ्या.

नर की मादी, हेही या प्राण्यात अंड्याच्या तापमानावर ठरतं. २६ अंशांच्या आसपास उबवली तर बहुतेक माद्या, साडेबत्तीसला बहुतेक नर, आणि ३४ च्या पुढे पुन्हा माद्याच. दोन नर एका पेटीत ठेवले तर रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. एका पेटीत एकच ठेवा, त्यांना सोबतीची गरज नसते.

आता कायदा. आपल्या रानातली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पकडणं-पाळणं म्हणजे तुरुंगवास. लेपर्ड गेकोचे भाऊबंद आपल्याच राज्यात राहतात. सातपुड्यातल्या युब्लेफेरिस सातपुराएन्सिस या जातीचं वर्णन झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलं. हिंदी मुलखात अशा ठिपकेदार पालीला ‘बिसखोपरा’ म्हणून ठेचतात, प्रत्यक्षात तिला विष नाही. तिला उचलून आणायचा विचारही करू नका. चीनमध्ये अशाच एका गेकोचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि संग्राहकांनी ती मूळ जागेवरून जवळजवळ साफ केली. परदेशी प्राण्यांपैकी आंतरराष्ट्रीय साइट्स करारात असलेल्या जाती, उदाहरणार्थ इग्वाना, घरात असतील तर फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद बंधनकारक आहे. प्राणी कुठे, कोणाकडे जन्मला याचा कागद न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कोंबलेले सरडे आपल्या विमानतळांवर वारंवार सापडतात, त्यातले कित्येक मेलेले असतात.

आणखी एक हिशेब घरात बसून करण्याजोगा. लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं जगते. आठवीतला मुलगा बारावीनंतर पुण्याला जाईल, मग नोकरीला आणखी कुठे, आणि रोज क्रिकेट मोजायचं काम बाबांकडे येईल. ते त्यांना मान्य असेल, तर प्राण्याआधी पेटी आणा. दिवा, थर्मोस्टॅट, लादी, खापर सगळं मांडून ती मे महिन्यात आठवडाभर रिकामीच चालवा. दोन टोकांना दोन थर्मामीटर ठेवून सकाळी, भर दुपारी आणि मध्यरात्री वाचा, आणि एकदा दुपारी मेन स्विच बंद करून तासाभराने काय आकडा येतो तेही पाहा.