जोर कुठे लावायचा, हे तिला कोण शिकवणार?

गांधीबागेतील कापडाची दुकाने उघडायच्या आधीच डागा शासकीय स्त्री रुग्णालयाच्या फाटकाशी बायांची गर्दी सुरू होते. हातात केसपेपर, सोबत सासू नाहीतर आई. यातली एकही बाई हौसेने सरकारी दवाखान्यात आलेली नसते. खाजगी प्रसूतिगृहाची पायरी परवडत नाही म्हणून ती येते. आमच्या वस्त्यांतल्या किती घरांची लेकरे या फाटकातून बाहेर आली, याची मोजदाद कोण करणार?

मध्यंतरी धुणीभांडी करणारी एक भगिनी पगार बुडवल्याची तक्रार घेऊन आमच्या कार्यालयात आली. अर्ध्या तासात तीनदा उठून बाहेर गेली. शेवटी आमच्या हाताखालच्या तरुण वकील मुलीच्या कानात म्हणाली, "खोकललं का लुगडं ओलं होते बाई. दुसऱ्या बाळंतपणापासून. सांगू कोणाले?" कुठल्या दवाखान्यात बाळंत झाली ते आम्ही येथे लिहीत नाही. तेथे तिला एकच शिक्षण मिळाले होते, "जोर लाव!" आणि सोबत मांडीवर चापट. जोर कुठे लावायचा आणि काय सैल सोडायचे, हे तिला गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत कुणी सांगितले नव्हते.

बांधवांनो, हा विषय लाजेचा नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शौचाचा मार्ग तिच्यावर तोललेला असतो. बाळाचे डोके बाहेर येताना या झोळीचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे संगणकावर केलेल्या मोजमापातून दिसले आहे. झोळी फाटली किंवा कमजोर राहिली, की लघवी गळते, अंग बाहेर येते. मग बाई देवळात जायचे टाळते, विहारात यायचे टाळते, लग्नकार्यात मागे बसते आणि वयाला दोष देते.

या स्नायूंचा व्यायाम अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला. स्नायू किती आवळला जातो हे बाईला स्वतःला दिसावे म्हणून त्यांनी दाब मोजणारे एक साधनही केले होते. कारण नुसत्या तोंडी सूचनेने हा व्यायाम जमत नाही. १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ बायांना तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला, तेव्हा जेमतेम निम्म्यांना तो नीट साधला. चौथा हिस्सा बाया उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे दुखणे वाढवणारी कृती करत होत्या! शिकलेल्या देशातल्या बायांची ही गत. मग आमच्या बाईला अडाणी म्हणणाऱ्यांना काय म्हणावे?

आता त्याच कामाला सोनोग्राफी आली आहे. प्रोब ओटीपोटावर किंवा बाहेरून योनीमार्गाच्या खालच्या भागावर ठेवतात. पडदा बाईकडे फिरवतात. तिने आवळले की झोळी वर उचलली जाते, सोडले की खाली येते, हे तिचे तिला दिसते. याला बायोफीडबॅक म्हणतात. बाळंतपणासाठी तर आवळण्याइतकेच सोडणे शिकावे लागते. कळा आणण्याचे औषध दिलेल्या पहिलटकरणींच्या २०१९ मधील एका अभ्यासात असे आढळले, की जोर देताना ज्या नकळत हाच स्नायू आवळून धरत होत्या, त्यांचा बाळ बाहेर येण्याचा टप्पा लांबला. म्हणजे बाई दार ढकलत होती आणि कडीही तीच लावून बसली होती. हे तिला कळावे कसे? पडद्यावर दिसले तर कळेल.

पण यंत्राची आरती ओवाळायला आम्ही बसलेलो नाही. ब्रिटनमध्ये लघवी गळणाऱ्या ६०० बायांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तिथले यंत्र स्नायूतील विजेचे संकेत टिपणारे होते, सोनोग्राफी नव्हते. पण प्रशिक्षित माणसाने नीट शिकवलेल्या व्यायामापेक्षा, तोच व्यायाम यंत्र जोडून केल्याने अधिक फायदा दिसला नाही. तेव्हा खरा प्रश्न शिकवणाऱ्या माणसाचा आहे. गरोदरपणातच हे व्यायाम शिकलेल्या बायांमध्ये बाळंतपणानंतर लघवी गळण्याचे प्रमाण घटते, याला मात्र भक्कम पुरावा आहे.

येथे वकील म्हणून एक अडचण सांगणे भाग आहे. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला. त्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि गरोदर बाईवर ते पात्र डॉक्टरनेच चालवावे लागते. फिजिओथेरपिस्ट त्यात बसत नाही. काही जण लगेच म्हणतील, कायदा सैल करा. आम्ही म्हणतो, मुळीच नको! लेकींच्या गर्भावर टपलेल्यांना आणखी एक खिडकी कशाला? प्रोब डॉक्टरच्या हाती राहू द्या, शिकवणारी फिजिओथेरपिस्ट शेजारी उभी करा. यंत्र नसेल तेथे हाताने तपासूनही शिकवता येते. त्याला पडदा लागतो, तो सोनोग्राफीचा नव्हे, खाटेभोवतीचा.

दुखणे अंगावर काढण्याची सवय आमच्या बायांना विदर्भातच जडली असे नाही, पण त्याचे मोजमाप विदर्भात झाले. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० बाया तपासल्या. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते. हे १९८९ मध्ये जगापुढे आले. मुकाट्याने सोसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

आणि त्याच्या साठ वर्षे आधी, १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. घटनेच्या ४२ व्या कलमात प्रसूती साहाय्य आले. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यावर थेट दावा लागत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आरोग्यसेवा हा २१ व्या कलमातील जीवनाच्या अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सांगितले आहे.

आमची भगिनी आता इंदोऱ्याच्या एका फिजिओथेरपिस्टकडे जाते. पैसे साठले की जाते, नसले की खंड पडतो. नागपूर जिल्ह्यातील किती सरकारी प्रसूती विभागांत फिजिओथेरपिस्टचे पद मंजूर आहे, किती भरलेले आहे आणि गरोदर बाईला हे व्यायाम कोण शिकवते, या तीन प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. अर्जावर पहिली सही तिने केली. सही करून झाल्यावर म्हणाली, "माह्या पोरीच्या वक्ताले तरी सांगजा, साहेब."