रेंजरची रेंज, वाघाची रेंज

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या वनखात्यात फोन लावावा आणि पलीकडून उत्तर यावे, ‘‘रेंजरसाहेब रेंजमध्ये गेलेत, तिथं रेंज नाही भेटत.’’ एका दमात तीनदा आलेला शब्द तिन्ही वेळा वेगळा आहे, आणि ऐकणारा एकदाही अडखळत नाही. पहिला माणूस, दुसरे जंगल, तिसरा मोबाइलचा सिग्नल. त्याच दिवशी बाजारात साडीवाला विचारतो, ‘‘कोणत्या रेंजमधली दाखवू?’’ वैनगंगेपलीकडे वडशाला झाडीपट्टीच्या नाटकाची तालीम चालू असेल, तर गाणाऱ्या नटीच्या आवाजाची ‘रेंज’ वाखाणली जाते. एकाच शब्दाला इतक्या घरी नांदावे लागते, तेव्हा त्याचे माहेर कुठले, हे एकदा विचारायला हवे.

माहेर इंग्लंडात नाही. आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या मुलखात वसलेल्या फ्रँक टोळ्यांच्या बोलीत ‘हृंग’सारखा एक शब्द होता. त्याचा अर्थ कडे, वर्तुळ. माणसे कडे करून उभी राहिली की तेही त्यात येई. जुन्या फ्रेंचमध्ये जाता जाता हे कडे सरळ झाले आणि शब्दाला ‘ओळ’ हा अर्थ आला. आजही फ्रेंच माणूस खोली आवरतो, वस्तू जागच्या जागी लावतो, तेव्हा तो ‘रांजे’ करतो. इंग्रजीने या घराण्यातून रेंज घेतला, रँक घेतला, अरेंज घेतला. अंगठीचा ‘रिंग’ मात्र तिने फ्रेंचांकडून उसना आणला नाही. तो त्याच मूळ धातूचा, पण घरचा. म्हणजे रिंग आणि रेंज या चुलत बहिणी, एक गोल राहिली, दुसरी ओळीत उभी राहिली.

ओळ हा अर्थ धरला की बरेच काही उलगडते. डोंगरांची ओळ ती माउंटन रेंज. आपल्याकडे डोंगररांग. (रांग आणि रेंज कानाला जवळचे वाटतात, पण तेवढ्यावर सोयरीक जुळवू नये. भाषाशास्त्रात अशा जुळवलेल्या सोयरिकी फार मोडल्या आहेत.) चुलींची एकसंध मांडणी ती कुकिंग रेंज, हा अर्थ थेट पंधराव्या शतकातला. हॉटेलवाल्यांनी तो आपल्याकडेही आणला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोफा-बंदुकांच्या बोलण्यात शब्द शिरला आणि गोळा कुठवर पोचतो ते अंतर म्हणजे रेंज, असे ठरले. तिथून रेडिओच्या लहरी कुठवर पोचतात, आणि तिथून आपल्या खिशातला फोन, हा प्रवास सरळ आहे.

पण त्याच सोळाव्या शतकात या शब्दाने एक वाकडी वाट धरली. क्रियापद म्हणून त्याला ‘दूरवर भटकणे, रान पालथे घालणे’ हा अर्थ चिकटला. ओळीत उभे राहणे आणि ओळ सोडून हिंडणे, दोन्हीला एकच शब्द. ब्रह्मपुरीच्या जंगलात हे दोन अर्थ रोज एकमेकांसमोर येतात.

त्याआधी रेंजरकडे वळू. नॉर्मन राजांनी अकराव्या शतकात इंग्लंड जिंकले आणि आपल्या शिकारीसाठी मुलूखच्या मुलूख ‘फॉरेस्ट’ म्हणून राखून ठेवले. फॉरेस्ट म्हणजे झाडी असे तेव्हा नव्हते. राजाचा वेगळा कायदा जिथे चालतो ती जमीन म्हणजे फॉरेस्ट, मग तिथे गाव असो, शेत असो की माळरान. लोक गांजले, सरदार चिडले, आणि 1217 मध्ये वनांची सनद निघाली. काही जमीन राजाच्या हातून सुटली. ही सुटलेली, जंगलाच्या काठची जमीन धड रान नव्हती, धड गावाचीही नव्हती. तिला ‘पर्ल्यू’ म्हणत. रेंजर नावाचा अधिकारी मुख्यतः या पट्ट्यासाठी. वनकायद्यावर ग्रंथ लिहिणारा जॉन मॅनवुड 1598 मध्ये रेंजरचे काम सांगतो ते असे: राजाची हरणे जंगलाबाहेर या काठच्या जमिनीत आली की त्यांना हाकून परत जंगलात घालायचे.

हे वाचून ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडच्या माणसाला हसू येईल, किंवा येणारही नाही. धानाच्या बांधावर वाघ दिसला, गावकरी जमले, रेंज ऑफिसची गाडी आली, गर्दी आवरली, फटाके फुटले आणि वाघ अखेर झाडीकडे वळला. हे काम चार शतकांपूर्वीच्या त्या रेंजरचेच आहे. जनावर तेवढे बदलले. तिथे हरीण राजाचे म्हणून कुणी मारू नये ही चिंता होती. इथे वाघ माणसाला आणि माणूस वाघाला मारू नये अशी दुहेरी चिंता आहे. काठची जमीनही आहेच: विदर्भाला ‘झुडपी जंगल’ हा स्वतंत्र महसुली प्रकार आहे. अर्धे गावाचे, अर्धे रानाचे. ही जमीन वन समजायची की नाही हा वाद दशकानुदशके चालला आणि 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वनच आहे असे ठरवले. ‘पर्ल्यू’ला मराठी शब्द शोधायचाच झाला, तर मी या झुडपी जंगलाच्या आसपासच शोधेन.

इंग्लंडात मात्र रेंजर पुढे मानाची पदवी झाला. विंडसरच्या राजेशाही उद्यानाचे रेंजर म्हणून राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप यांनी 1952 पासून मृत्यूपर्यंत मिरवले. अमेरिकेत टेक्ससचे रेंजर झाले, सैन्यातले रेंजर झाले, मुलांच्या टीव्हीवर पॉवर रेंजर आले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘हीरो रेंजर’ सायकल मिळणे म्हणजे दहावीच्या टक्क्यांचे बक्षीस.

भारतात रेंज आणली ती इंग्रजांच्या नोकरीतल्या जर्मनांनी. 1864 मध्ये वनखाते स्थापन झाले, त्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस. त्यांच्यानंतर श्लिक, मग रिबेनट्रॉप. तिघेही जर्मन. जर्मन कुळातला शब्द फ्रेंचांच्या घरी वाढला, इंग्रजांनी ठेवून घेतला आणि जर्मनांनी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या सागवानात आणून सोडला, असा हा फेरा. रेंजर तयार करायला 1878 मध्ये डेहराडूनला शाळा निघाली. चंद्रपूरची आजची वन अकादमी आहे तिथेही पूर्वी रेंजर्स कॉलेजच होते.

ब्रँडिस आणि मंडळींनी बसवलेली उतरंड आजही तशीच आहे. वर सर्कल, त्याखाली डिव्हिजन, मग रेंज, मग राउंड, तळाला बीट. सर्कल म्हणजे वर्तुळ. रेंज मुळात कडे. राउंड तर उघडच गोल. मधे एक डिव्हिजन सोडले तर खात्याच्या नकाशावर सगळी वर्तुळात वर्तुळे आहेत, आणि सर्वांत आतल्या वर्तुळात पायाने फिरणारा वनरक्षक. मराठीकरण झाले तेव्हा सर्कलचे वृत्त झाले, राउंडचे उपक्षेत्र, बीटचे नियतक्षेत्र आणि रेंजचे परिक्षेत्र. ‘परि’ म्हणजे भोवती. मराठीकरण करणाऱ्याला ते फ्रँक टोळ्यांचे कडे ठाऊक असेल असे वाटत नाही, पण नेम बरोबर बसला आहे. कागदावर परिक्षेत्र, तोंडी रेंज. उत्तर ब्रह्मपुरी, दक्षिण ब्रह्मपुरी, तळोधी, नागभीड, सिंदेवाही या रेंज गावोगावच्या बाया-माणसांना तोंडपाठ आहेत, कारण मोहफुलाच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत कामाचा संबंध तिथेच येतो. गंमत पोलिसांच्या परिक्षेत्राची. वनखात्याची रेंज तालुक्याएवढी किंवा त्याहून लहान, आणि पोलिसांचे गडचिरोली परिक्षेत्र म्हणजे अख्खे जिल्हे पोटात घेणारे. म्हणून बातमीत नुसते ‘परिक्षेत्र अधिकारी’ वाचले की गाडीवर दिवा असेल की मागे जाळी, याचा अंदाज येत नाही.

आता भटकण्याचा अर्थ. प्राणिशास्त्रात ‘होम रेंज’ नावाची कल्पना आहे. विल्यम बर्ट या अमेरिकन सस्तनशास्त्रज्ञाने 1943 च्या लेखात तिची जी व्याख्या केली, ती आजही वापरतात: अन्न शोधणे, जोडीदार मिळवणे, पिल्ले वाढवणे या नेहमीच्या कामांसाठी प्राणी जेवढा मुलूख फिरतो, तेवढा. एखादे वेळी तो दूर कुठे जाऊन आला तर ती जागा यात धरायची नाही. ज्या मुलखाचे तो इतरांपासून रक्षण करतो ती त्याची टेरिटरी, ते वेगळे. वाघिणीची होम रेंज भक्ष्य मुबलक असेल तर लहान असते, तुटवडा असेल तर पसरते. नराची एकापेक्षा अधिक माद्यांच्या रेंजवर पसरलेली. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून 1727 चौरस किलोमीटरचा. तिथे वाघ वाढले की वयात आलेल्यांना जागा शोधायला बाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडले की लागते ते ब्रह्मपुरीचे जंगल. हे राष्ट्रीय उद्यान नाही. मधे गावे, धानाच्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव, कालवे, गोंदिया-बल्लारशा रेल्वे. 2018 मध्ये घोडाझरी अभयारण्य झाले तरी बहुतेक वाघ अजून संरक्षित क्षेत्राबाहेरच राहतात. खात्याची रेंज कक्ष क्रमांकावर संपते. वाघाची रेंज भक्ष्य आणि पाणी जिथे संपते तिथे.

दोन्ही रेंज जुळल्या नाहीत की काय होते, याचा एक दाखला 2017 चा आहे. दक्षिण ब्रह्मपुरीत माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण जुलैत पकडली, ठावठिकाणा कळवणारी रेडिओ कॉलर लावली आणि वर्ध्याकडच्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली. माणसांनी नेमून दिलेल्या जागी ती राहिली नाही. शेकडो किलोमीटर फिरली, आणि ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात शेताच्या कुंपणातल्या विजेच्या तारेला लागून मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागभीडजवळ कॉलर लावलेला एक नर वाघही असाच विजेने गेला होता. दुसरा दाखला सुखाचा. 2023 मध्ये ओडिशातल्या महेंद्रगिरीच्या जंगलात एक वाघ कॅमेऱ्यात आला. पट्टे ताडून पाहिले तेव्हा तो ब्रह्मपुरीचा निघाला. सुमारे दोन हजार किलोमीटर चालून गेला असावा असा अंदाज प्रसिद्ध झाला. बर्टच्या व्याख्येप्रमाणे हा प्रवास त्याच्या होम रेंजमध्ये मोजता येत नाही, आणि परतण्याचा विचार नसेल तर त्याला फेरफटकाही म्हणता येत नाही. सोळाव्या शतकातला इंग्रज मात्र एका शब्दात सांगून मोकळा झाला असता.

कॉलरलाही स्वतःची रेंज असते. साध्या व्हीएचएफ कॉलरचा आवाज ऐकायचा तर अँटेना हातात धरून वाघापासून काही किलोमीटरच्या आत जावे लागते. मधे टेकडी आली की आवाज गडप. उपग्रह कॉलर परवडली तर घरबसल्या ठिकाण कळते, पण ते वाचायलाही फोनला रेंज लागतेच. ती जंगलात का नसते? जुन्या जीएसएम तंत्रात टॉवरपासून 35 किलोमीटर ही कमाल मर्यादा धरलेली होती, तीही मोकळ्या सपाटीवर. पावसाळ्यात भिजलेली पाने लहरी गिळतात. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, झाडीतूनही बऱ्यापैकी जाते. जास्तीची लहर वेगवान डेटा देते, पण लवकर दमते. त्यात गडचिरोलीकडे टॉवर उभारणे हे एकेकाळी जोखमीचे काम होते, नक्षलवाद्यांनी ते जाळले आहेत. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाची बातमी आता गावच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते. गावातल्या पोरांची प्राथमिक प्रतिसाद दले, म्हणजे पीआरटी, त्याच गटांवर एकमेकांना सावध करतात. अशा ठिकाणी रेंज नसणे म्हणजे पहाटे मोहफूल वेचायला निघालेल्या बाईपर्यंत निरोप न पोचणे.

एक रेंज अजून आहे, ती ब्रह्मपुरीला राज्यभर पोचवते. मे महिन्यात हवामान खात्याच्या आकड्यांत हे गाव पहिल्या पाचांत असतेच, पारा पंचेचाळीस-शेहेचाळीसच्या घरात. भूगोलाच्या पुस्तकात कमाल आणि किमान तापमानातल्या फरकाला ‘तापमान कक्षा’ म्हणतात. तीही इंग्रजीत रेंजच.

एकुणात या एका शब्दासाठी मराठीकडे परिक्षेत्र, रांग, कक्षा, टप्पा, आवाका, पल्ला अशी किमान अर्धा डझन नावे आहेत, आणि बोलताना आपण सगळ्यांच्या जागी रेंज बसवतो. मोबाइलच्या रेंजबद्दल माझी तक्रार नाही. ती उपरी असली तरी आता घरची आहे. चीड येते ती ‘पल्ला’ गेल्याची. तोफेचा पल्ला, आवाजाचा पल्ला, मजल मारण्याचा पल्ला, इतका अचूक शब्द हाताशी असताना विजेच्या स्कूटरच्या जाहिरातीत ‘एका चार्जमध्ये एवढी रेंज’ छापतात. ब्रह्मपुरी आगारातून सुटणारी डिझेलची एसटी लोकांच्या तोंडी अजून ‘लांब पल्ल्याची गाडी’ आहे. महामंडळाने 2022 पासून ‘शिवाई’ नावाच्या विजेच्या बसही रस्त्यावर आणल्या आहेत, आणि त्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न येतो तो, रेंज किती?