कोरी जागा आणि शून्य

रत्नागिरीत राहून जुलै महिन्यात पावसाची गोष्ट सांगणे म्हणजे भर समुद्रात पाण्याची गोष्ट सांगण्यासारखे आहे. तरीही आज सुरुवात पावसापासूनच करू. संगणकाच्या ज्या चुकीबद्दल मला सांगावयाचे आहे, ती मी स्वतः पावसाच्या नोंदवहीवर काम करतानाच केली.

आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी एक पर्जन्यमापक बसवला आहे. हवामान विभागाच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजावयाचा आणि वहीत लिहावयाचा. एका आठवड्याच्या नोंदी अशा होत्या: सोमवारी ४२ मिलिमीटर, मंगळवारी ०, बुधवारी १८, गुरुवारी जागा कोरी, शुक्रवारी ९६, शनिवारी ० आणि रविवारी ५४. मंगळवारी व शनिवारी पाऊस पडलाच नव्हता. (होय, कोकणात जुलैमध्येही असे दिवस येतात!) गुरुवारी मात्र सकाळी वर जाऊन पाहिले तो माकडांनी मापकाचे भांडे उलटे करून ठेवलेले. रात्री पाऊस तर पडला होता, पण किती, ते सांगावयाला कोणी शिल्लक नव्हते.

आता पेन्सिल घ्या आणि या आठवड्याचा रोजचा सरासरी पाऊस काढा. आकड्यांची बेरीज येते २१०. सातने भागले तर ३०. पण मोजमाप झाले ते सहाच दिवस, म्हणून सहाने भागले तर ३५. कोणते उत्तर बरोबर? तुम्ही लगेच म्हणाल, ३५. सातने भागणाऱ्याने गुरुवारची कोरी जागा शून्य समजून वापरली, आणि गुरुवारी शून्य पाऊस पडला असे तर कोणीच म्हटलेले नाही.

शून्य हे मोजून आलेले उत्तर आहे. कोऱ्या जागेत उत्तरच नाही. परीक्षेत शून्य गुण मिळवणारा मुलगा आणि परीक्षेला गैरहजर राहिलेला मुलगा यांच्यात तुमचे शिक्षक फरक करतात, तो याचसाठी. हवामान विभागाची माणसे तर आणखी बारकाईने पाहतात. भांड्यात ओल दिसते, पण पाऊस ०.१ मिलिमीटरहून कमी आहे, तर तेथे शून्य न लिहिता पाऊस 'लेशमात्र' पडला अशी वेगळी नोंद करतात. आणि समजा, एक दिवस कोणी वर गेलेच नाही व भांडे मात्र जागेवर होते, तर दुसऱ्या दिवशीचा आकडा दोन दिवसांचा मिळून असतो. ती तिसरीच भानगड. असो.

या नोंदींची सरासरी काढण्यासाठी मी जावा या संगणकभाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. जावा ही सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली लोकांपुढे आणलेली भाषा. तिच्यात अपूर्णांकी संख्या ठेवण्यासाठी दोन तऱ्हेची घरे मिळतात. गंमत अशी की दोघांचे नाव एकच, 'डबल'. इंग्रजीत लिहिताना पहिले अक्षर लहान काढले तर एक तऱ्हा, मोठे काढले तर दुसरी! लहान अक्षराची सात घरे ओळीने मागितली, तर संगणक ती देताना प्रत्येकात आधीच शून्य भरून देतो. मी तीच मागितली. सहा घरांत आकडे भरले, गुरुवारचे घर तसेच सोडले आणि उत्तर आले ३०. संगणकाने कसलीही तक्रार केली नाही. चूक ध्यानात आली ती एका विद्यार्थिनीच्या. तिने हाताने गणित केले होते.

मग मी मोठ्या अक्षराची घरे घेतली. या घरात प्रत्यक्ष संख्या नसते. संख्या स्मृतीत जेथे ठेवली आहे तेथला पत्ता असतो, टपालाच्या पाकिटावर असतो तसा. पत्ता लिहिलाच नसेल तर त्या स्थितीला 'नल' म्हणतात. दमयंतीच्या नलराजाशी याचा संबंध नाही. हा शब्द लॅटिन 'नुलुस' म्हणजे 'एकही नाही' यावरून आला. जर्मन भाषेत त्याच शब्दाचा अर्थ शून्य असा होतो, म्हणजे घोटाळ्याचे बी शब्दातच आहे म्हणा ना! तर या वेळी माझी आज्ञावली सोमवार, मंगळवार, बुधवार अशी बेरीज करीत गुरुवारपाशी आली आणि बंद पडली. पडद्यावर 'नल पॉइंटर एक्सेप्शन' असा संदेश उमटला. त्याचा अर्थ असा: तू मला या पत्त्यावर जा म्हणालास, पण पाकिटावर पत्ताच नाही.

वर्गात मुलांनी विचारले, "सर, यांतले बरे कोणते? गुपचूप चुकीचे उत्तर देणारे की मध्येच बंद पडणारे?" माझे मत विचाराल तर बंद पडणारे बरे. ३० हा आकडा दिसायला इतका सभ्य आहे की त्याच्यावर कोणी संशय घेणार नाही. हवामानाच्या कित्येक आकडेसंचांत कोऱ्या जागी मुद्दाम उणे ९९९ लिहिण्याची पद्धत आहे. ते विसरून कोणी सरासरी काढली, तर आपल्या आठवड्याचा पाऊस रोज सुमारे उणे ११३ मिलिमीटर भरेल. निदान हसून तरी चूक कळते!

पण बंद पडण्यातही एक मोठी खोच आहे. आमच्या आज्ञावलीत घर कोरे राहिले तेथून दहा ओळींवरच ती बंद पडली. मोठ्या कामात असे नसते. नोंदी भरणारा भाग एकाने लिहिलेला, साठवणारा दुसऱ्याने आणि सरासरी काढणारा तिसऱ्याने. जुलैत सुटलेली कोरी जागा ऑक्टोबरात, तीही रात्री दोन वाजता, कोणी अहवाल मागितल्यावर आज्ञावली पाडते. ज्याच्या भागात ती पडते त्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो. पूर्वी तर जावाचा संदेश फक्त ओळीचा क्रमांक सांगे. त्या ओळीत चार पत्ते असतील तर कोरा कोणता हे शोधत बसावे लागे. २०२० सालापासून तो कोऱ्या घराचे नावही सांगू लागला.

कोरा पत्ता भाषेत आला कोठून? ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली 'अल्गॉल डब्ल्यू' या भाषेसाठी पत्त्यांची व्यवस्था आखताना हा नल तिच्यात घातला. कोठल्याही पत्त्याचा वापर सुरक्षित असावा आणि ते भाषेनेच तपासावे, असा त्यांचा हेतू होता. पण नल घालणे फारच सोपे होते, तो मोह त्यांना आवरला नाही. पुढे २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच याला आपली 'अब्ज डॉलरची चूक' म्हटले. त्वरित क्रमवारी लावणारी, 'क्विकसॉर्ट' नावाची प्रसिद्ध रीत शोधून काढणारा हा माणूस. भर सभेत आपली चूक सांगावयाला त्याला कमीपणा वाटला नाही.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक वेळी घर कोरे आहे का ते आधी पाहावे, म्हणजे झाले! सुरुवातीला सगळे असेच करतात. मग आज्ञावलीत 'कोरे नसेल तर' या शब्दांचे रान माजते. जेथे कोरे असणे शक्यच नाही तेथेही तपासणी होते, आणि जेथे खरोखर हवी तेथे नेमकी राहून जाते. खरी गरज आहे ती नोंदवहीच्या रकान्यावर आधीच लिहून ठेवण्याची: 'ही जागा कोरी असू शकते' किंवा 'ही कधीही कोरी असणार नाही'. तारखेचा रकाना कोरा राहणे शक्य नाही; पावसाचा राहू शकतो. एवढे ठरले की पावसाचा आकडा वापरणाऱ्याला कोऱ्या दिवशी काय करावयाचे ते लिहिल्यावाचून सुटका नाही.

कोटलिनसारख्या नव्या भाषांत हे भाषेच्या व्याकरणातच आहे. कोरे चालणाऱ्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावावे लागते, एरवी नल ठेवताच येत नाही. जावाची अडचण अशी की तिच्यात लिहिलेल्या अगणित आज्ञावल्या जगभर चालू आहेत. आता व्याकरण बदलले तर त्या सगळ्या मोडतील. म्हणून तेथे चिठ्ठ्या लावण्याचा मार्ग निघाला. एखाद्या घरावर 'नलेबल', म्हणजे 'कोरे चालेल', अशी चिठ्ठी लावावयाची. आज्ञावलीच्या कामात त्या चिठ्ठीने काही फरक पडत नाही, पण तपासनिसाला ती वाचता येते.

याचे मोठे उदाहरण म्हणजे 'स्प्रिंग'. घर बांधताना खांब, तुळया आणि वासे यांचा सांगाडा आयता मिळाला तर आपल्याला फक्त भिंती घालाव्या लागतील. तसा आज्ञावल्यांचा हा आयता सांगाडा. संगणकवाले त्याला 'फ्रेमवर्क' म्हणतात. स्प्रिंगची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली निघाली. २०१७ सालच्या पाचव्या आवृत्तीत तिच्या कर्त्यांनी असा नियम घातला की जेथे चिठ्ठी नाही तेथे कोरे चालणार नाही, आणि जेथे चालेल तेथे चिठ्ठी लावावयाची. पण त्या चिठ्ठ्यांत एक उणीव राहिली. 'वहीच नाही' आणि 'वही आहे, पण तिच्यातील एखादी ओळ कोरी आहे' या दोन गोष्टी तुम्हांला वेगळ्या वाटतात ना? त्या चिठ्ठ्यांना पहिलीच सांगता येई. आमची गुरुवारची नोंद ही तर दुसऱ्या प्रकारची! पुढे अनेक कंपन्यांनी मिळून सर्वांसाठी एकच चिठ्ठीपद्धत ठरवली. तिचे नाव 'जेस्पेसिफाय'. तिची पहिली पक्की आवृत्ती २०२४ साली आली, आणि तिच्यात आतल्या ओळींबद्दलही बोलता येते. स्प्रिंगने नोव्हेंबर २०२५ मधील सातव्या आवृत्तीत जुन्या चिठ्ठ्यांऐवजी ही पद्धत स्वीकारली.

चिठ्ठ्या लावल्या म्हणजे काम झाले असे मात्र नाही. उलट, खोटी चिठ्ठी ही चिठ्ठी नसण्यापेक्षा वाईट. 'कधीही कोरे नसते' असे लिहिलेल्या घरात कोणी नल ठेवला, तर वाचणारा विश्वासाने फसतो. तेव्हा चिठ्ठी आणि आतला माल जुळतो की नाही हे कोणीतरी पाहिले पाहिजे, आणि ते केव्हा पाहिले जाते याला फार महत्त्व आहे.

कधी पावसाळ्याच्या सुरुवातीला मिरकरवाडा बंदरावर गेलात तर मासेमारीच्या नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसतील. समुद्र बंद असतो तेवढ्यात सुतार लाकडी नौकेचा एकेक सांधा पाहून फटी बुजवतो. पाणी कोठून शिरते हे भर समुद्रात कळून काय उपयोग? आज्ञावलीचेही तसेच. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत आणणे, तपासणे, चाचण्या घेणे, गठ्ठा बांधणे या साऱ्या क्रमाला 'बिल्ड' म्हणतात. आपण बांधणी म्हणू. चिठ्ठ्यांची तपासणी या बांधणीतच करावयाची. स्प्रिंगच्या बांधणीत हे काम 'नलअवे' नावाचा तपासनीस करतो. उबर कंपनीने तो २०१७ साली सर्वांसाठी खुला केला. त्याला चिठ्ठीविरुद्ध काही आढळले तर बांधणीच थांबते. नुसत्या इशाऱ्यावर भागत नाही, कारण तीनशे इशारे साचले की तीनशे एकावा कोणी वाचत नाही.

आणि नौका वापरली नाही तरी लाकूड आकसते, तशी बांधणीही आपोआप जुनी होते. आपण आपल्या आज्ञावलीचे अक्षरही बदलले नाही, तरी ज्या भाषांतरकावर आणि दुसऱ्यांच्या तयार आज्ञावल्यांवर ती उभी असते, ते बदलतात. नलअवे तर भाषांतरकाच्या, म्हणजे कंपायलरच्या, आतच बसून काम करतो. जावाचा कंपायलर नवा आला आणि तपासनीस जुनाच राहिला, तर दोघांचे पटत नाही. मग घाईत असलेला एखादा गृहस्थ म्हणतो, 'तात्पुरता तपासनीस बंद ठेवू.' ते तात्पुरते वर्षभर टिकते. तोवर चिठ्ठ्यांशी न जुळणारा मजकूर किती शिरला याचा पत्ता लागत नाही, आणि पुन्हा तपासनीस बसवणे हेच मोठे काम होऊन बसते. हे कंटाळवाणे काम ज्या चमूत कोणा एकाचे नाव घेऊन ठरलेले असते, तेथेच ते होते, असे मला दिसून आले आहे.

आता आपल्या गुरुवारकडे येऊ. तपासनीस आपल्याला एवढेच सांगेल की ही जागा कोरी असू शकते, तेव्हा काय करावयाचे ते लिही. काय लिहावयाचे, ते मात्र तो सांगणार नाही. आमच्याकडे एका मुलाने सुचवले, "जवळच्या केंद्राचा आकडा भरावा." सूचना वाईट नाही, पण त्याला मी एक जुनी नोंद दाखवली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत त्याच शहरात कुलाब्याला पडला सुमारे ७४. समजा, सांताक्रूझचे भांडे त्या दिवशी कोणी उलटे केले असते आणि कोऱ्या जागी कुलाब्याचा आकडा भरला असता!

शेवटी मुलांनी ठरवले की कोरा दिवस गाळावयाचा, भागाकार मोजलेल्या दिवसांच्या संख्येने करावयाचा आणि ती संख्या उत्तरापुढे छापावयाची. पण आठही दिवस, म्हणजे अख्खा आठवडा आणि वर एक दिवस, माकडांनी धुमाकूळ घातला तर मोजलेले दिवस शून्य, आणि शून्याने भागणार कसे? हा प्रश्न विचारला तो पहिली चूक पकडणाऱ्या विद्यार्थिनीनेच. तेव्हा आणखी एक ओळ वाढली: एकही नोंद नसेल तर सरासरीही कोरी, आणि तिच्यावर 'नलेबल'ची चिठ्ठी. आता आमच्या पडद्यावर त्या आठवड्यासाठी 'सरासरी ३५ मि.मी., मोजलेले दिवस ६' असे येते. वहीत गुरुवारच्या ओळीपुढे शाईने लिहिले आहे: नोंद नाही, माकड.