तेरणाकाठचा झिरा

उन्हाळ्यात तेरणा पाहिली की तिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न पडतो. पात्रात दगडगोटे, मधे वाळूचा पट्टा, काठाला बाभळी. पण घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा. पाणी दिसत नसले तरी ते कुठे आहे, हे तिला ठाऊक असते. हातभर वाळू उकरली की ओल लागते, मग हळूहळू पाणी पाझरते. वाटीवाटीने घागर भरायची. हाच झिरा. या झिऱ्याने आपल्या किती घरांची तहान भागवली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

तेरणा धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर उगम पावते. तेरजवळून ती माकणीच्या धरणात येते. पुढे औसा तालुक्याच्या दक्षिण कडेने, निलंगा तालुक्यातून जात औराद शहाजानीच्या परिसरात मांजरेला मिळते. मांजरा तेथून कर्नाटकात व तेलंगणात जाते आणि फिरून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर येऊन कुंडलवाडीजवळ गोदावरीत मिसळते. म्हणजे औशाच्या शेतावर पडलेला पाऊस दोन राज्ये हिंडून नांदेडच्या वेशीवर येतो!

या लहानशा नदीच्या काठी एके काळी मोठी बाजारपेठ होती. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे लिहिले आहे. येथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. तिथले त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. येथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. बौद्ध उपासक ज्या काठावर वावरले, त्याच काठावर पुढे आपल्या माणसांना पाण्यासाठी वेगळी जागा दाखवली गेली, ही इतिहासाची केवढी थट्टा!

मराठवाड्यात गावोगावी हीच रीत होती. वरच्या धारेला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला आपला. वरचे पाणी वापरून गढूळ होई, तेच खाली येई. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच रीतीविरुद्ध. पुढे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी याच धाराशिव भागातल्या कसबे तडवळे येथे ते महार-मांग वतनदार परिषदेला आले होते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर ही तेरणाकाठची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. माकणीच्या धरणातले पाणी आणि भूकंप यांचा काही संबंध आहे का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसली. नळ आले, हातपंप आले. नदी मात्र अनेकांच्या घरापासून दूर गेली.

आणि नदी दूर गेली की तिच्याकडे कोण पाहणार? वाळू म्हणजे नदीची घागर. पावसाचे पाणी ती पोटात धरून ठेवते आणि उन्हाळ्यात झिऱ्याला देते. वाळूचा बेसुमार उपसा झाला की खाली खडक उरतो. पाऊस आला की पूर, गेला की कोरड. काठावर ऊस आणि बोअर वाढले की विहिरींचे पाणीही खाली जाते. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून कसे चालेल?

ज्याची विहीर खोल, त्याला टंचाई कमी जाणवते. ज्याला शेत नाही, विहीर नाही, त्याच्या घरातली बाई आणि शाळकरी मुलगी डोक्यावर हंडा घेऊन चालते. म्हणून वाळूचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे. ग्रामसभेत रस्ता, घरकुल याबरोबर नदीचाही विषय काढा. वाळू कोण नेतो, किती नेतो, हे विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे.

आणि एक करा. एखाद्या रविवारी मुलांना नदीवर घेऊन जा. आजी सोबत असेल तर फारच छान. कोणता पाणवठा कोणाचा होता, झिरा कुठे काढत, हे तिच्या तोंडून ऐकू द्या. मुलांना वहीत लिहू द्या. दप्तरात जी नोंद झाली नाही, ती निदान आपल्या घरात तरी राहील.