राखणीच्या कुत्र्याला काय खाऊ घालाल?

धान निसवला की आपल्या भागात जागल सुरू होते. बांधी सिंदेवाही-नागभीडकडची असो की कुरखेडा-धानोऱ्याकडची, मचाणावर एक माणूस, बाजूला शेकोटी, हातात टॉर्च आणि खाली एक कुत्रा, एवढीच आपली संरक्षण व्यवस्था. रानडुक्कर धुऱ्यावर आलं हे माणसाच्या आधी कुत्र्याला कळतं. युरिया किती टाकायचा, कोणतं औषध फवारायचं हे तुम्ही आम्हाला नेहमी विचारता. या राखणदाराला काय खाऊ घालायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. ताटात उरलं ते त्याला, एवढाच हिशेब. विषय तसा पशुसंवर्धन खात्याचा आहे. पण पीक तो राखतो, म्हणून कृषीवाल्याने त्यावर चार शब्द लिहायला हरकत नसावी.

कुत्रा मांस खाणारा, त्याला भाजीपाला-फळं कशाला, असं काही जण म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. माणसाजवळ हजारो वर्षं राहून त्याचं पोट बदललं आहे. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्टमय अन्न चांगलं पचतं, हे २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे भात, भाकर त्याला चालते. कोल्हा बोरं खातो हे तर तुम्ही जंगलात पाहिलंच असेल. तेव्हा फळं-भाज्या द्यायला हरकत नाही. पण माणसाला चालतं ते सगळंच कुत्र्याला चालतं असं नाही, आणि गडबड नेमकी इथे होते.

कांदा-लसणाचा रस्सा

सर्वांत मोठा धोका आपल्या रोजच्या रश्श्यात आहे. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी बाधा होऊ शकते. आपलं गावठी कुत्रं साधारण पंधरा किलोचं धरलं, तर पाऊणशे ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा झाला. एका वेळी एवढा जात नसेल, पण रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान होतं. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे विष जात नाही. लसूण तर वजनाला कांद्याहून जहाल. जंत पडावेत, गोचीड जावेत म्हणून लसूण ठेचून भाकरीत चारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती बंद करा. जंताची गोळी दवाखान्यात मिळते.

कांद्याची बाधा लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, खात नाही, थोडं पळालं की धापा टाकतं, लघवी तांबूस-काळपट होते. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असायच्या त्या पांढुरक्या दिसतात. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून घरच्या घरी निदान न करता डॉक्टरांना दाखवा. जाता जाता एक सांगतो, बाजारात भाव पडला म्हणून कांद्याचे ढीग गाई-म्हशींपुढे टाकू नका. त्यांनाही ही बाधा होते.

मग उरलेलं अन्न टाकून द्यायचं का? नाही. भाजीला फोडणी देण्याआधीच मूठभर शिजलेला भात, थोडं वरण बिनमिठाचं, बिनकांद्याचं बाजूला काढून ठेवा. घरच्या बाईला यात जास्तीचं काम काहीच नाही, फक्त सवय लागायला हवी.

द्राक्षं आणि चिंच

आठवडी बाजारात आता नाशिककडची द्राक्षं येतात, प्रसादात मनुका-बेदाणे असतात. कुत्र्याला यातलं काहीही देऊ नये. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा द्राक्षांनीही निकामी होतात, आणि कोणाची होतील हे आधी सांगता येत नाही. वीसेक वर्षं जगभरच्या पशुवैद्यांना याचं कारण उमगत नव्हतं. २०२२ मध्ये अमेरिकेतून एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच मूत्रपिंडाचा त्रास झाल्याचं नोंदलं आहे. द्राक्ष आणि चिंच दोन्हींत टार्टारिक आम्ल असतं, तेच मूळ असावं असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या गावात द्राक्षाचा वेल नाही, पण चिंचेची झाडं आहेत. उन्हाळ्यात अंगणात चिंच फोडायचं काम चालतं तेव्हा गर उघडा पडलेला असतो. कुत्र्याला तिथून दूर ठेवा. चिंचेचा कोळ घातलेली भाजीही त्याला नको.

मोहसडवा आणि आंब्याची कोय

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी नाल्याकाठी कुठे काय सडत असतं ते मी लिहायची गरज नाही. मोहसडव्याला गोड वास येतो, त्यामुळे कुत्रं त्यात तोंड घालतं. माणसाला चढते त्याच्या कितीतरी कमी मद्यात कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. झोकांड्या, ओकाऱ्या, अंग गार पडणं ही लक्षणं आहेत. लोक बघून हसतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही.

आंब्याचा गर चालतो, कोय नाही. चोखून टाकलेली कोय कुत्रं गिळतं आणि ती आतड्यात अडकते. मग ओकाऱ्या होतात, शौच बंद होते, पोट फुगतं. पोट उघडून काढण्याशिवाय बहुधा इलाज नसतो, आणि ती सोय आपल्याकडे गावोगाव नाही. कोयी खड्ड्यात टाका. सीताफळ देत असाल तर सगळ्या बिया काढून द्या.

काय द्यावं?

सांदवाडीत किंवा घरावर चढलेल्या वेलाचं कोहळं यात पहिल्या नंबरचं. साल, बिया काढून, बिनमिठाचं उकडून एक-दोन मुठी भातात कालवा. पोट साफ राहतं, जुलाबातही उपयोग होतो. उकडलेलं रताळं, गाजर, दुधी, शिजवलेल्या चवळीच्या शेंगा चालतात. काकडी कच्चीच द्या. मात्र कडू निघालेली काकडी किंवा दुधी आपण टाकतो तसा त्याच्यासाठीही टाकायचाच. उकडलेला बटाटा चालतो. हिरवा पडलेला, कोंब आलेला नको. पिकलेला टमाटर थोडा चालेल, झाडाचा पाला आणि हिरवं फळ नको. फळांत केळी, पेरू, बिया काढलेली पपई. उन्हाळ्यात डांगरवाडीतलं टरबूज साल आणि बिया काढून दिलं तर कुत्रं आवडीने खातं.

हे सगळं मिळून त्याच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं. नुसत्या भात-कोहळ्यावर राखणदार टिकत नाही. वरण, उकडलेलं अंडं, काटा काढून शिजवलेली मासोळी यांतलं काही ना काही रोज पोटात गेलं पाहिजे.

आता औषधांचं. मिरची-वांग्यावर फवारणी झाली की डब्यावर लिहिलेल्या दिवसांच्या आत तोडलेला माल जसा माणसाला नको तसा कुत्र्यालाही नको. उंदरांसाठी पीठ-गुळात कालवलेलं झिंक फॉस्फाईड कुत्र्याला गोळीसारखं लागतं, म्हणून ते बिळाच्या आतच टाकून तोंड बुजवा. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी कोणाच्या कोठीत जुना डबा पडलेला असतो. रानडुकरासाठी फळात किंवा पिठात विष घालून धुऱ्यावर ठेवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय ते पहिलं खातं ते बहुतेक शेजाऱ्याचं कुत्रं.

सरपंच आणि ग्रामसेवक साहेबांना एक विनंती. बाजार उठल्यावर सडके कांदे, फळं, कोंबडीचा कचरा तिथेच पडून राहतो. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. ताडोबाच्या आसपासच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. बाजाराच्या दिवशीच कचरा खड्ड्यात बुजवावा. आपणही उष्टं अंगणाबाहेर न फेकता दिवस मावळायच्या आत भांड्यात द्यावं, आणि उरलं तर भांडं उचलावं.

चुकून काही विषारी खाल्लंच, तर मिठाचं पाणी, तेल, ताक पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा. जाताना खाल्लेल्या वस्तूचा उरलेला तुकडा किंवा औषधाची पुडी सोबत घ्या, आणि काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना आधी सांगा.